होयचे बहुमत

9 जुलै 2025 रोजी महसूलमंत्र्यांनी विधानसभेत एक घोषणा केली. दुसऱ्या दिवशी, 10 जुलैला, त्याच सभागृहाने एक विधेयक संमत केलं. अधिवेशन संपवून मतदारसंघात परतलो तेव्हा गळ्यात हार पडले ते घोषणेचे. विधेयकाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मीही काढला नाही.

आता कार्यअहवाल छापायचा आहे. दर अधिवेशनानंतर आमच्या कार्यालयातून एक रंगीत पुस्तिका निघते. मुखपृष्ठावर मी, मलपृष्ठावर मी, मधे निधीचे आकडे आणि भूमिपूजनांचे फोटो. या खेपेला पीएने एक नवं पान घातलं आहे: 'आमदारसाहेबांनी मंजूर करून घेतलेले कायदे'. मजकूर तपासायला आला तो टेबलावर तसाच पडून आहे. एरवी ऱ्हस्वदीर्घ पाहून सही करतो आणि मोकळा होतो. आज पेन्सिल घेऊन बसलो, आणि प्रत्येक ओळीपाशी अडायला लागलो. ही ओळ खरी आहे का, एवढाच प्रश्न असता तर सोपं होतं. ही ओळ मी कोणासाठी लिहितो आहे, हा प्रश्न त्यामागून आला आणि तो हलेना.

पहिली ओळ मोठ्या टायपात आहे: 'तुकडेबंदी रद्द! आता एका गुंठ्याचीही नोंद!'

तुकडेबंदीचा कायदा 1947 सालचा. शेताचे इतके बारीक तुकडे पडू नयेत की कसणंच परवडेना, हा त्याचा हेतू, आणि हेतू वाईट नव्हता. प्रमाणभूत क्षेत्र ठरवून दिलेलं असतं. त्याहून लहान तुकड्याची खरेदी नोंदवली जात नाही. ऑगस्ट 2023 मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी ते बागायतीला 10 गुंठे आणि जिरायतीला 20 गुंठे असं केलं गेलं. पण कायदा शेताचा विचार करत होता आणि माणसं घराचा. बायपासच्या कडेला, साखर कारखान्याच्या मागे, एमआयडीसीच्या वाटेवर लोकांनी एकेक, दोन-दोन गुंठे घेतले. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट; दोन खोल्या, पुढे ओटा, मागे मोरी. घेणारे कोण, तर शाळेतला शिपाई, ट्रकवरचा ड्रायव्हर, सैन्यातून सुटून आलेला जवान. खरेदीखत होत नाही म्हणून स्टँपपेपरवर नोटरी. सातबारा मूळ मालकाच्याच नावावर. मालक असेपर्यंत सगळं गोडीगुलाबीचं, तो गेला की त्याची मुलं दारात उभी राहतात. बँक कर्ज देत नाही, बांधकाम परवानगी मिळत नाही. 2017 साली बाजारमूल्याच्या 25 टक्के रक्कम भरून असे व्यवहार नियमित करण्याची वाट काढली गेली. एवढी रक्कम ज्याच्या गाठीशी असेल त्याने गुंठा कशाला घेतला असता? पुढे 2024 च्या अखेरीस ती 5 टक्क्यांवर आणली.

अशा परिस्थितीत महसूलमंत्री लक्षवेधीला उत्तर देताना म्हणाले की 1 जानेवारी 2025 पर्यंत पडलेले एक गुंठ्यापर्यंतचे तुकडे कायदेशीर करू, 50 लाख कुटुंबांना लाभ होईल. सभागृहात बाकं वाजली. मीही वाजवली आणि मनापासून वाजवली, कारण हे दुखणं मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी कायद्यातला एक स्वल्पविरामही बदलला नव्हता. मंत्र्याचं सभागृहातलं बोलणं हे आश्वासन असतं. दिलेल्या आश्वासनांचं पुढे काय झालं हे पाहायला विधिमंडळाची एक स्वतंत्र आश्वासन समिती आहे, यावरूनच काय ते ओळखावं. कार्यपद्धती ठरायची होती. कुठलं क्षेत्र बसेल, गावठाणापासून किती लांबपर्यंत, हे कागदावर उतरायचं होतं. 'एक गुंठ्यापर्यंत' म्हणजे नेमकं काय, दीड गुंठेवाल्याचं काय, हे मला कोणी खोदून विचारलं असतं तर मी मंत्र्यांच्या कार्यालयात फोन लावला असता.

कोणी विचारलं नाही. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर पेढे घेऊन आले. त्यांचे दोन गुंठे गावठाणापासून चांगले लांब, भर शिवारात आहेत. "भाऊ, तुमच्यामुळं माझं घर झालं," म्हणाले. त्यांच्या त्या आनंदात 'तुमची जागा यात बसेलच असं नाही' हे वाक्य कसं ठेवावं ते मला सुचलं नाही, असं मी स्वतःला त्या वेळी सांगितलं. खरं म्हणजे सुचलं होतं. पेढा तोंडात होता आणि फोटो निघत होता.

एवढ्यावर थांबलं असतं तर मनाची समजूत घालता आली असती. आज ना उद्या कायदा येईल, थोडं आधी गोड बोललो, काय बिघडलं? पण गावाबाहेर एका प्लॉटिंगवाल्याने फ्लेक्स लावला आहे: 'आता गुंठ्याची खरेदी कायदेशीर, लवकर बुकिंग करा'. शेजारी हात जोडलेला माझा फोटो. आज जो तिथे पैसे भरेल त्याचा व्यवहार 1 जानेवारी 2025 नंतरचा असेल, म्हणजे घोषणा जशीच्या तशी अमलात आली तरी तो बाहेरच राहील. कंडक्टरांचं नुकसान माझ्या बोलण्याने झालेलं नाही, त्यांनी जागा आधीच घेतली होती. या नव्या गिऱ्हाइकाचं होईल. फ्लेक्सवाला माझा कार्यकर्ता नाही, मी त्याला फोटो दिला नाही, त्याच्याकडून पैही घेतली नाही. हे सगळं खरं आहे. त्याच रस्त्याने मी रोज ये-जा करतो आणि तो फ्लेक्स उतरवायला सांगितलेला नाही, हेही खरं आहे.

दुसरी ओळ लहान टायपात आहे: 'शहरी नक्षलवादाला लगाम, जनसुरक्षा विधेयक मंजूर'. पीएने ती बिचकत घातली असावी. म्हणाला, "साहेब, लोकांना यात काय, पण पक्षाकडून सांगून आलंय."

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक प्रथम जुलै 2024 मध्ये मांडलं गेलं, मग डिसेंबरात नागपूरला पुन्हा आलं आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. समितीचे अध्यक्ष महसूलमंत्रीच होते. लोकांकडून 12 हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या. एखाद्या विधेयकावर एवढ्या लोकांनी कागद लिहून पाठवणं ही आपल्याकडे लहान गोष्ट नाही. त्या गठ्ठ्यात माझ्या तालुक्यातलं एखादं पत्र होतं का, हे मी कधी शोधलं नाही. समितीने बदलही केले. कायद्याचा रोख कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटनांवर आहे असं उद्देशात स्पष्ट केलं. तपास पोलीस उपअधीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याकडे जाऊ नये असं ठरलं. सल्लागार मंडळाची रचना बदलली. बेकायदेशीर ठरवलेल्या संघटनेचं सदस्य असणं, तिला मदत करणं, तिच्यासाठी कृत्य करणं, अशा गुन्ह्यांना 2 ते 7 वर्षांपर्यंत कैद, आणि हे गुन्हे अजामीनपात्र.

माझं मत काय? गडचिरोलीत भूसुरुंगात गेलेल्या पोलिसांची नावं वाचताना त्यात आपल्या बाजूची आडनावं दिसली की काय वाटतं ते मला माहीत आहे. सरकारच्या हातात साधन हवं, हे मला पटतं. छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र प्रदेश, ओडिशा इथे असे कायदे आहेत, हा युक्तिवादही ऐकला. पण बेकायदेशीर कृत्याची व्याख्या वाचताना एका ठिकाणी मी थबकलो. प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करायला उत्तेजन देणं किंवा तसा उपदेश करणं, असा त्यात एक भाग आहे. कांद्याचे भाव पडले तेव्हा हायवेवर आडव्या लावलेल्या ट्रॅक्टरसमोर मी मांडी घालून बसलो होतो. जमावबंदी होती. माइकवरून जे बोललो त्याला दुसरं काय म्हणायचं? त्या बसण्यातूनच पुढे तिकीट मिळालं, आमदारकी मिळाली. त्या काळी एखाद्या अधिकाऱ्याच्या हातात ही व्याख्या असती तर त्याने ती आमच्यावर लावली असती, असं मी म्हणत नाही. आम्ही कोणी कडवे डावे नव्हतो आणि आमची संघटना म्हणजे एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि दोन जीप. पण व्याख्या वाचताना स्वतःचा चेहरा आठवला, हे नाकारून चालणार नाही.

गैरवापर होणार नाही असं मुख्यमंत्र्यांनी सभागृहात सांगितलं. आदल्या दिवशी गुंठ्यांबद्दल सांगितलेलंही सभागृहातच सांगितलं होतं. पहिल्या आश्वासनाला मी मतदारसंघात कायदा म्हणून मिरवलं. दुसऱ्या आश्वासनावर विसंबून कायद्याला होय म्हटलं. दोन्ही वेळा मूळ मजकूर बाजूला राहिला आणि बोलणं हाताशी आलं.

होय म्हणणं कसं असतं हे बाहेर फारसं ठाऊक नसतं. विधेयकाचे खंड क्रमाने पुकारले जातात, मग शेवटी पीठासीन अधिकारी विचारतात, अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे. होय. प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावे. मग 'होयचे बहुमत, होयचे बहुमत' असं दोनदा आणि विधेयक संमत. मतविभागणी कोणी मागितली तरच कोण कुठल्या बाजूला उभं राहिलं याची नोंद होते. एरवी 288 जणांच्या सभागृहात हजर असलेल्यांचा एक आवाज होतो. मी होय म्हटलं की नुसते ओठ हलवले की लॉबीत चहा पीत होतो, हे कार्यवाहीच्या कुठल्याही पानावर सापडणार नाही. कित्येक विधेयकं संध्याकाळी उशिरा येतात, तेव्हा गणपूर्तीची 29 माणसं तरी बाकांवर आहेत का अशी शंका यावी. जनसुरक्षेच्या वेळी सभागृह भरलेलं होतं, मी माझ्या जागेवर होतो आणि होय म्हटलं. विरोध नोंदवला तो डहाणूच्या विनोद निकोले यांनी, माकपच्या एकट्या आमदाराने. विरोधी बाकांवरून तेवढा एकच.

मी त्यांच्या विचारांचा नाही आणि त्यांच्या बाजूला जाऊन बसावंसं मला वाटलं नाही. वाटलं ते वेगळंच. त्या माणसाला डहाणूला परत गेल्यावर सांगायला काहीतरी आहे: मी विरोध केला, का केला ते ऐका. मला सांगायला काय आहे? मी होय म्हटलं, कारण...

त्या 'कारण'पाशी पक्षादेश आठवतो. दहाव्या अनुसूचीने 1985 पासून आमच्या सगळ्यांच्या सदसद्विवेकाला एक कायमची पळवाट करून दिली आहे. पक्षाच्या विरोधात मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं, तेव्हा आम्ही काय करणार! पण ही पळवाट मला लागू पडत नाही. व्हिप नसता तरी मी होयच म्हटलं असतं. शंका होती, विरोध नव्हता. आणि दोन मिनिटं उभं राहून नुसती शंका विचारायला कुठल्याही व्हिपने मना केलेलं नव्हतं. व्याख्येतला तो भाग कांद्याच्या आंदोलकाला कसा लागणार नाही, हे मंत्र्यांकडून कार्यवाहीत वदवून घेता आलं असतं. उद्या कोर्टात कोणाला त्याचा आधार झाला असता की नाही, सांगता येत नाही. माझ्या माणसांना सांगायला मात्र झाला असता.

मग पुस्तिकेत काय लिहावं? 'लगाम' हा शब्द खोडला. 'मंजूर करून घेतलेले' खोडलं. त्या जागी लिहिलं की असं असं विधेयक आलं, मी त्याला होय म्हटलं, त्याचं कारण हे, आणि त्यातली एक व्याख्या मला फार व्यापक वाटते ती ही. पीएने वाचून कागद परत ठेवला. "साहेब, हे आपल्याच विरोधात जातंय." कोणाच्या विरोधात ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

बाकीचं पान भरभर झालं. पुरवणी मागण्या 57 हजार 509 कोटींच्या होत्या. माझ्या तालुक्यातल्या रस्त्यांचे आकडे मला तोंडपाठ आहेत, एकूण रक्कम मात्र आत्ता पाहून लिहिली. लोकांनी अधिवेशनाबद्दल जे विचारलं ते पुस्तिकेत कुठेच नाही. विधानभवनाच्या लॉबीत हाणामारी झाली ती कोणी केली. पहिलीपासून हिंदी येणार होती ती खरंच गेली का. बहिणींचे 1500 चालू राहणार ना. हिंदीचा विषय शासन निर्णयाचा होता आणि तो निर्णय अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, 29 जूनला, मागे घेतला गेला. लाडकी बहीणही शासन निर्णयानेच आलेली योजना. घोषणा, जीआर, अध्यादेश, कायदा यांत लोक भेद करत नाहीत अशी आम्ही आपसात थट्टा करतो. भेद कळू नये याची सोय कोण करतं? जीआर निघाला की 'कायदा केला', घोषणा झाली की 'निर्णय झाला', आणि नको असलेला कायदा आला की 'तो वरून आला'.

माझी आजी निरक्षर होती. तिला महाराष्ट्रातला एकच कायदा माहीत होता आणि तो तिला माझ्यापेक्षा नीट माहीत होता: मागेल त्याला काम. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला गेली, सुकडी खाल्ली, आणि पुढे रोजगार हमीच्या पाझर तलावावर माती वाहिली. या योजनेमागची कल्पना वि. स. पागे यांची, ते विधान परिषदेचे सभापती होते. 1977 साली तिचा कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला, आणि पैशासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवलेला होता. आजीला पागे माहीत नव्हते, व्यवसाय करही नाही. काम मागितलं तर द्यावं लागतं आणि नाही दिलं तर भत्ता द्यावा लागतो, एवढं पक्कं ठाऊक होतं. मुकादमाला ती ते ऐकवायची. हजेरीपटावर खोटी नावं चढत होती तेही तिला दिसत होतं. त्या कायद्याला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. पण कामासाठी ती कुठल्याही आमदाराच्या दारात गेली नाही. कायदा तिच्या हातात होता.

या आठवणीने मी पुस्तिकेत जे नाही त्याच्याकडे वळलो, आणि इथे पेन्सिल खरी अडली.

सोमवारी माझ्या कार्यालयात दरबार भरतो. जून-जुलैत तर पाय ठेवायला जागा नसते, कारण मुलांचे प्रवेश असतात आणि दाखले अडलेले असतात. उत्पन्नाचा, अधिवासाचा, जातीचा, नॉन-क्रिमीलेयरचा. बायाबापड्या सकाळपासून बसतात. मी तहसीलला फोन लावतो, स्पीकरवर ठेवतो, "काय हो, गरिबाला किती फिरवता?" असं दरडावतो. दाखला दुसऱ्या दिवशी निघतो. बाई पाया पडायला वाकते, मी 'असू दे मावशी' म्हणून मागे सरतो. ती बाई, तिचा नवरा, दोन जावा, ही मतं मी त्या फोनच्या जोरावर मोजतो. आमच्यातले बहुतेक सगळे असंच मोजतात.

आणि 2015 पासून या राज्यात लोकसेवा हक्काचा कायदा आहे. उत्पन्नाचा दाखला 15 दिवसांत मिळणं हा त्या बाईचा हक्क आहे. मुदत टळली किंवा अर्ज नाकारला तर पहिलं अपील, मग दुसरं, दोन्ही त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. तिसरं राज्य सेवा हक्क आयोगाकडे. कारण नसताना उशीर केलेल्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. कुठली सेवा किती दिवसांत आणि अपील कोणाकडे, याचा फलक कार्यालयात लावणं बंधनकारक आहे. आमच्याकडे फलक लावलेला आहे. त्याच्यापुढे फायलींचं कपाट आहे.

हा कायदा झाला तेव्हा मी आमदार नव्हतो, तेव्हा त्याचं श्रेय मला घेता येत नाही. पण माझं त्याच्याबद्दलचं मौन श्रेयाच्या हिशेबातून आलेलं नाही. माझ्या एकाही भाषणात, एकाही पुस्तिकेत, दरबारातल्या एकाही माणसाशी बोलताना मी या कायद्याचं नाव घेतल्याचं मला आठवत नाही. का? तोंडात येतं ते उत्तर असं की अडाणी माणसाला अपील जमत नाही, त्यापेक्षा माझा फोन लवकर काम करतो. ते खोटं नाही. पण त्याच्या तळाशी दुसरं उत्तर आहे: तिला अपील जमलं तर सोमवारी माझ्याकडे कोण येईल? मला त्या गर्दीची सवय झाली आहे. नुसती मतांसाठी नव्हे. सकाळी दार उघडल्यावर पन्नास माणसं आपली वाट पाहताहेत, हे पाहिल्याशिवाय मला आपण आमदार आहोत असं वाटत नाही.

एकदा हे दिसलं की पुस्तिकेतल्या बाकीच्या ओळींचाही अर्थ लागायला लागतो. गुंठ्यांची घोषणा मी ओरडून सांगितली, कारण त्यात मी देणारा दिसतो. जनसुरक्षेबद्दल गप्प राहिलो, कारण त्यात मला जाब द्यावा लागला असता. आणि लोकसेवा हक्काबद्दल गप्प राहिलो, कारण त्या कायद्यामुळे लोकांचं माझ्यावाचून चालतं. कायद्यांची माहिती देणं म्हणून जे काही मी इतकी वर्षं करत आलो, त्यात निवड माझी होती आणि ती दरवेळी माझ्याच सोयीची निघाली. यात कोणाला खोटं बोलून फसवल्याचा एकही प्रसंग मला सांगता येणार नाही. म्हणूनच ते इतकी वर्षं सुखाने चाललं.

मलपृष्ठावरचा माझा फोटो काढला. तिथे सेवांची यादी, मुदती, पदनिर्देशित अधिकारी आणि अपील कोणाकडे करायचं त्या हुद्द्यांचा तक्ता टाकला. गुंठ्यांची ओळ बदलून लिहिली की ही घोषणा आहे, कायदा अजून बदललेला नाही, 1 जानेवारी 2025 नंतरची खरेदी यात येत नाही, तेव्हा नवा गुंठा घेण्याआधी थांबा. मुखपृष्ठावरचा फोटो तसाच ठेवला. तेवढा मोह सुटला नाही आणि सुटल्याचा आव आणायचा नाही. फ्लेक्सबद्दल पीएला सांगितलं तर तो म्हणाला, "ते आपले मतदार आहेत साहेब, जरा दमानं घ्या." प्लॉटिंगवाला माझा मतदार आहे, त्याचं उद्याचं गिऱ्हाईकही माझा मतदार आहे. फ्लेक्स काल दुपारी उतरला. मजूर पाठवून उतरवावा लागला, फोनवर ऐकलं नाही.

छपाई होऊन पुस्तिकेच्या पहिल्या प्रती गावात गेल्या तशी एका आपले सरकार सेवा केंद्राच्या पोराने गाठलं. मुदत टळलेल्या अर्जांची यादी त्याच्या मोबाइलमध्ये तयार होती. "साहेब, मागचं पान वाचलं. ह्या सगळ्यांचं पहिलं अपील टाकू का? तुमचं नाव सांगू का आधी?" नाव सांगायची गरज नाही, असं मी म्हणालो. मग त्याने यादी खाली सरकवली आणि अपील ज्याच्या कामावर जाणार तो अधिकारी कोण ते दाखवलं. त्या अधिकाऱ्याची बदली इथे माझ्याच पत्रावर झालेली आहे. पोराला ते ठाऊक असावं. तो माझ्या तोंडाकडे पाहत होता.

"टाक," मी म्हणालो.

अपिलं परवा गेली. अधिकाऱ्याचा फोन कालपासून येतो आहे. उचलला की तो विचारणार, साहेब, आपलं काही चुकलं का. यादीतल्या अर्जांचे दाखले त्याने रातोरात काढून दिले आणि मी त्याला अपिलं मागे घ्यायला लावतो म्हणालो, तर सगळ्यांचंच काम होतं, पोरंही खूश, तोही खूश, आणि सोमवारची गर्दी जिथल्या तिथे. फोन पुन्हा वाजतो आहे.